नव्या टीम लीडसाठी: कोणत्या कामाला कोणती शैली

नागपूरच्या मिहानमध्ये असो की गायत्रीनगरच्या आयटी पार्कात, टीम लीड होणारा माणूस बहुधा उत्तम इंजिनीअर असतो. पाच-सहा वर्षं त्याने चांगला कोड लिहिलेला असतो, अवघड बग सोडवलेले असतात, आणि एका अप्रेझलनंतर त्याच्या हाताखाली सहा-सात जण येतात. खुर्ची तीच, लॅपटॉप तोच, काम मात्र मुळापासून बदललेलं. हा लेख त्या पहिल्या तीन महिन्यांसाठी आहे.

नेतृत्वाची शैली म्हटलं की आपल्या डोळ्यापुढे स्वभाव येतो: हा कडक, तो मवाळ, ती सगळ्यांचं ऐकणारी. रोजच्या कामात त्याचा फारसा उपयोग होत नाही. शैली म्हणजे तीन गोष्टी ठरवणं: हा निर्णय कुणाचा, सूचना किती बारीक द्यायच्या, आणि काम मधेमधे किती वेळा पाहायचं. एकाच लीडने एकाच दिवशी तिघांशी तीन शैलींनी वागावं, यात काही वावगं नाही. टीमचा विश्वास जातो तो वेगळ्या कारणाने. काल ‘तुम्ही ठरवा’ म्हणणारा लीड आज न विचारता ठरवून मोकळा होतो, आणि उद्या काय होईल याचा कुणालाच अंदाज राहत नाही. शैली जरूर बदला, पण सांगून बदला. पुढची प्रत्येक पायरी याच धाग्याने बांधलेली आहे.

जुन्या अभ्यासांतलं कामापुरतं

१९३९ मध्ये मानसशास्त्रज्ञ कुर्ट लेविन, रोनाल्ड लिपिट आणि राल्फ व्हाइट यांचा अमेरिकेतला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. दहा-अकरा वर्षांच्या मुलांचे छोटे गट केले, मुखवटे बनवण्यासारखी कामं दिली, आणि गटावरचा मोठा माणूस कधी हुकमी, कधी विचारून ठरवणारा, कधी पूर्ण अलिप्त ठेवला. हुकमी गटांत तो खोलीत असेपर्यंत काम जोरात चाले आणि तो बाहेर गेला की ढेपाळे. विचारून चालणाऱ्या गटांत तो नसतानाही काम जवळपास तसंच चालू राही. अलिप्त माणसाच्या गटांत ना धड काम होई, ना मुलं खूश असत. यातली एकच खूण जपून ठेवा: तुम्ही खोलीत नसताना काय होतं?

१९६९ मध्ये पॉल हर्सी आणि केन ब्लँचर्ड यांनी चार पायऱ्या मांडल्या: सांगणं, पटवणं, सहभागी करून घेणं, सोपवणं. कोणती पायरी वापरायची ते त्या कामातली माणसाची तयारी पाहून ठरतं. संशोधनात या मांडणीला संमिश्र पाठिंबा मिळाला आहे, तरी सुरुवात करायला तिच्याइतकी सोपी चौकट नाही. पुढे २००० साली मानसशास्त्रज्ञ डॅनियल गोलमन यांनी सहा शैली सांगितल्या. त्यातल्या दोन कामाचं वातावरण बिघडवतात असं त्यांनी नोंदवलं: एक हुकमी, आणि दुसरी ‘माझ्यासारखं करा, माझ्याच वेगाने करा’ ही. दुसरी शैली इंजिनीअरमधून लीड झालेल्याला हमखास चिकटते. तिच्याबद्दल पुढे सविस्तर आहे.

पहिला आठवडा: तक्ता भरा

एक कोरा कागद घ्या. उभ्या ओळीत माणसं, आडव्या ओळीत कामाचे प्रकार: एपीआय (दोन प्रणालींना जोडणारा दुवा) लिहिणं, डेटाबेसमधले बदल, स्क्रीन, टेस्टिंग, रिलीज, ग्राहकाशी बोलणं. प्रत्येक चौकटीत १ ते ४ पैकी आकडा टाका. १ म्हणजे हे काम कधी केलेलं नाही. २ म्हणजे केलंय, पण अडखळत. ३ म्हणजे नीट करतो, पण आणखी कुणी नजर टाकलेली बरी. ४ म्हणजे एकटा करतो आणि दुसऱ्याला शिकवतोही.

इथली नेहमीची चूक म्हणजे अख्ख्या माणसाला एकच आकडा देणं. आठ वर्षांचा अनुभव असलेला बॅकएंडवाला (पडद्यामागचा कोड लिहिणारा) एपीआयमध्ये ४ असतो आणि रिलीजच्या पाइपलाइनमध्ये (नवा कोड वापरात नेणाऱ्या साखळीत) १. ‘सीनियर आहे, करेल’ म्हणून पाइपलाइन त्याच्यावर सोडली, तर त्याला विचारायची लाज वाटते, आणि दोन आठवड्यांनी अर्धवट काम हाती येतं. उलटही घडतं. यंदाच कॉलेजातून आलेल्या मुलीने तिसऱ्या वर्षापासून मोबाइल ॲप बनवलेली असतात. स्क्रीनच्या चौकटीत ती ३ असते. तिला सगळीकडे १ धरून चमच्याने भरवलं, तर सहा महिन्यांत ती दुसरी नोकरी शोधायला लागते.

आधी तक्ता तुम्ही भरा, मग प्रत्येकाला त्याची स्वतःची ओळ भरायला सांगा. जिथे दोन आकड्यांचा फरक पडेल, तेवढ्याच चौकटींवर बोला. अर्धा तास पुरतो. याचा अप्रेझलशी संबंध नाही हे आधीच सांगा आणि ते पाळा, नाहीतर सगळे सगळीकडे ४ लिहितील.

आता तक्ता वरून खाली वाचा. एखाद्या कामाच्या रकान्यात एकच ४ आणि बाकी सगळे १ असतील, तर तो तुमचा सर्वांत मोठा धोका. नागपुरातून पुण्या-हैदराबादला जाणारे कमी नाहीत, आणि घरी बसून बंगळुरूच्या कंपनीचं काम करणारेही वाढले आहेत. माणसाने राजीनामा दिल्यावर नोटिस पीरियडमध्ये ज्ञान उतरवून घेऊ, या आशेवर राहू नका. तोवर त्याचं मन निघालेलं असतं. पुढच्याच स्प्रिंटपासून (म्हणजे कामाच्या ठरावीक टप्प्यापासून) त्या कामाला दुसरा माणूस जोडा.

टीम किती मोठी असावी, याचंही गणित आहे. माणसं वाढली की बोलण्याच्या वाटा त्याहून वेगाने वाढतात: पाच जणांत १०, सात जणांत २१, दहा जणांत ४५. स्क्रम या कामाच्या पद्धतीची अधिकृत मार्गदर्शिकाही टीम १० किंवा त्याहून लहान ठेवायला सांगते. संगणकतज्ज्ञ फ्रेडरिक ब्रुक्स यांनी १९७५ मध्येच लिहून ठेवलं होतं की उशीर झालेल्या सॉफ्टवेअर प्रकल्पात माणसं घातली की त्याला आणखी उशीर होतो. नव्याला शिकवायला जुन्यांचाच वेळ जातो, म्हणून. तेव्हा मॅनेजर ‘आणखी दोघं देतो’ म्हणाले आणि रिलीजला तीन महिने असतील तर आनंदाने घ्या. तीन आठवडे असतील तर माणसांऐवजी काम कमी करून मागा.

सांगून करून घेणं

ही शैली दोनच ठिकाणी वापरायची. पहिलं ठिकाण म्हणजे तक्त्यातली १ ची चौकट. तिथे ‘तुला जसं वाटेल तसं कर’ म्हणणं हा मोठेपणा नाही. त्या माणसाला आपण पाण्यात ढकलून देतो. सूचना लिहून द्या, साधारण अशी:

‘ऑर्डरच्या यादीत तारखेचा फिल्टर लावायचा आहे. कारण, दुकानदार रोज रात्री त्या दिवसाचा हिशोब जुळवतात. १०,००० ऑर्डर असलेल्या खात्यात यादी दोन सेकंदांत उघडली की काम झालं समज. पेमेंटच्या फाइलींना हात लावू नको. ४५ मिनिटांच्या वर अडकलास तर लगेच विचार, संध्याकाळची वाट पाहू नको.’

यातलं शेवटचं वाक्य सगळ्यात मोलाचं. नवीन मुलं विचारत नाहीत, कारण विचारणं म्हणजे येत नाही असं कबूल करणं, असं त्यांना वाटतं. मिनिटांचा आकडा दिला की विचारणं हा सूचनेचाच भाग होतो. ‘समजलं का?’ हा प्रश्नही सोडून द्या. त्याला ‘हो सर’ याखेरीज उत्तर येत नाही. त्याऐवजी ‘सुरुवात कुठून करशील?’ असं विचारा. समजलंय की नाही ते मिनिटभरात दिसतं.

दुसरं ठिकाण म्हणजे प्रॉडक्शन (ग्राहक वापरतात ती सिस्टीम) बंद पडलेलं असताना. पेमेंट अडकलेत, सपोर्टचे फोन वाजताहेत, आणि सात जण सात दिशांनी लॉग (सिस्टीमच्या नोंदी) उघडून बसलेत. अशा वेळी मतं मागत बसू नका. स्पष्ट म्हणा: ‘पुढचा एक तास निर्णय मी घेतो.’ एकाला फक्त लिहायला बसवा: किती वाजता काय केलं, काय दिसलं. सिस्टीमला हात लावणारे जास्तीत जास्त दोघं. बाकीच्यांनी पाहायचं आणि सुचवायचं. गेल्या काही तासांत नवा कोड गेला असेल तर आधी तो मागे घ्या, कारण नंतर शोधा. इंजिनीअरला कारण शोधायचा मोह आवरत नाही, आणि तेवढा वेळ ग्राहक लटकलेला राहतो. मात्र त्या रिलीजमध्ये डेटाबेसची रचना बदललेली असेल, तर कोड मागे घेतल्याने घोळ वाढू शकतो. म्हणूनच अशा प्रत्येक बदलाचा परतीचा रस्ता रिलीजच्या आधीच लिहून ठेवायचा. दर अर्ध्या तासाला सपोर्ट आणि मॅनेजरला दोन ओळी पाठवा, नवीन काही नसलं तरी. ओळी आल्या नाहीत की तेच लोक फोन करून तुमच्या माणसांना अडवतात.

प्रश्न सुटला की हेही मोठ्याने सांगा: ‘आता नेहमीसारखं सगळे मिळून ठरवू.’ हे एक वाक्य विसरलं की हुकमी शैली पुढच्या आठवड्यातही रेंगाळते, आणि लीडच्या ते लक्षातही येत नाही.

दोन दिवसांच्या आत आढावा घ्या. त्यात कुणाचं नाव घ्यायचं नाही. ‘ये किसने किया?’ असं एकदा विचारलं की पुढच्या वेळी माहिती उशिरा येते आणि अर्धीच येते. त्याऐवजी ‘ही चूक प्रॉडक्शनपर्यंत पोचू कशी शकली?’ असं विचारा. उत्तर एखाद्या हरवलेल्या टेस्टमध्ये, गरजेपेक्षा जास्त दिलेल्या परवानगीत, किंवा घाईत झालेल्या कोडच्या रिव्ह्यूमध्ये (तपासणीत) सापडतं, आणि तिथे दुरुस्ती करता येते. संशोधक एमी एडमंडसन यांनी १९९९ च्या अभ्यासात दाखवलं की जिथे चूक कबूल केली किंवा बावळट वाटणारा प्रश्न विचारला तरी अपमान होत नाही अशी खात्री असते, त्या टीम जास्त शिकतात. ही खात्री भाषणाने देता येत नाही. अशा आढाव्यांतल्या तुमच्या प्रश्नांच्या सुरातूनच ती मिळते किंवा जाते.

विचारून ठरवणं

ही शैली सगळ्यात जास्त वापरली जाते आणि सगळ्यात वाईट वापरली जाते. मीटिंग बोलावली जाते, लीड पहिल्याच मिनिटाला आपलं मत सांगतो, मग विचारतो, ‘काय वाटतं?’ आपल्याकडे मोठ्या माणसाचं बोलणं तोडायची पद्धत नाही. ‘सर’ म्हटलं की विषय संपतो. सगळे माना डोलावतात, आणि खरं मत जेवणाच्या सुट्टीत टेबलाभोवती निघतं.

आधी कोणता निर्णय मीटिंगच्या लायकीचा आहे ते ठरवा. जेफ बेझोस यांनी ॲमेझॉनच्या भागधारकांना २०१५ च्या वार्षिक पत्रात निर्णयांना दारांची उपमा दिली होती: काही दारांतून परत फिरता येतं, काहींतून नाही. बटणाची जागा, टीममधल्या वापराची एखादी लायब्ररी, लॉगचा नमुना ही परत फिरता येणारी दारं. ते एकाने ठरवावं, पंधरा मिनिटांत. डेटाबेस कोणता, बाहेरच्यांना दिलेल्या एपीआयचा आकार काय, ग्राहकाचा डेटा कुठे ठेवायचा, हे निर्णय बदलायला महिने जातात. मीटिंग यांच्यासाठी ठेवा.

त्या मीटिंगआधी दोन पानांचं टिपण लिहा. अडचण काय, पर्याय तीन, प्रत्येकाला किती दिवस लागतील, आणि तो चुकीचा निघाला तर काय मोडेल. तीनपैकी एक पर्याय ‘सध्या काहीच न करणं’ हा ठेवा. पुष्कळदा तोच जिंकतो. टिपण आदल्या दिवशी पाठवलं तरी निम्मे लोक वाचून येत नाहीत. त्यामुळे मीटिंगची पहिली दहा-बारा मिनिटं सगळ्यांनी गप्प बसून वाचायचं. मग बोलण्याआधी प्रत्येकाने आपलं मत दोन ओळींत लिहायचं. लिहिलेलं मत समोरच्याचं ऐकून बदलत नाही. त्यानंतर सगळ्यात नव्या माणसापासून बोलायला सुरुवात, लीड सगळ्यात शेवटी. एवढा क्रम पाळला तरी मीटिंगचा नूर पालटतो.

शेवट कसा होणार तेही सुरुवातीलाच सांगायचं: ‘मी सगळ्यांचं ऐकून ठरवणार आहे’, ‘सगळ्यांचं एकमत झालं तरच पुढे जायचं’, किंवा ‘हे टेस्टिंगवाल्या ताई ठरवतील, आपण फक्त माहिती द्यायची’. हे तिन्ही चालतं. न सांगणं चालत नाही, कारण ज्याला वाटलं होतं की मतदान होईल, त्याला तुमचा निर्णय फसवणूक वाटतो.

मीटिंग संपताना पाच गोष्टी लिहा: तारीख, निर्णय, नाकारलेले पर्याय आणि त्यांची कारणं, कुणाचा कशावर आक्षेप होता, आणि पुन्हा कधी तपासायचं. आक्षेप लिहिला गेला की तो माणूस निर्णयाच्या मागे उभा राहायला सहज तयार होतो. शिवाय सहा महिन्यांनी ‘हे असं कोणत्या शहाण्याने केलं?’ या प्रश्नाला उत्तर असतं.

निर्णय आधीच झालेला असेल तर विचारण्याचं नाटक करू नका. टीमला ते दोनदा कळलं की तिसऱ्यांदा कुणी तोंड उघडत नाही. सरळ सांगा: ‘हे वरून ठरलं आहे. कसं करायचं ते मात्र आपण ठरवू.’ लोक नाराज होतील, पण तुमच्या शब्दावर विश्वास ठेवतील.

नागपुरातल्या टीममध्ये एक अडचण खास येते. बोलणं मराठीतून नागपुरी हिंदीत, तिथून परत मराठीत सरकत राहतं, आणि तेलंगणातून किंवा ओडिशातून आलेला सहकारी कधी बाहेर पडला हे कुणाच्या लक्षात येत नाही. मीटिंगमध्ये सगळ्यांना समजेल तीच भाषा, आणि निर्णयाची नोंद सगळ्यांना वाचता येईल अशी. आयटी पार्कच्या रस्त्यावर चहा घेताना तिघांत काही ठरलं तर ठरू द्या, चांगल्या कल्पना तिथेच सुचतात. पण तासाभरात ते टीमच्या चॅनेलवर लिहा आणि बाकीच्यांना आक्षेपासाठी संध्याकाळपर्यंत वेळ द्या.

प्रॉडक्ट मॅनेजर पुण्यात किंवा परदेशात असेल, तर हद्द पहिल्या आठवड्यातच आखून घ्या. काय बनवायचं आणि का, हे त्यांचं. कसं बनवायचं आणि किती दिवस लागतील, हे टीमचं. कॉलवर तारीख विचारली तर ‘उद्या दुपारी टीमशी बोलून सांगतो’ असं म्हणा. कॉलवर दिलेली तारीख ही सात जणांच्या वतीने न विचारता दिलेला शब्द असतो. संगणकतज्ज्ञ मेल्विन कॉनवे यांनी १९६८ मध्ये मांडलेलं निरीक्षणही इथे लागू पडतं: संस्थेत लोक जसे एकमेकांशी बोलतात, सॉफ्टवेअरचा आकार तसाच होतो. नागपूरची टीम बॅकएंड आणि दुसऱ्या शहरातली टीम स्क्रीन करत असेल, आणि दोघांचं बोलणं आठवड्यातून एकदाच होत असेल, तर जोड नेमका तिथेच निखळतो. उपाय दोन: पूर्ण फीचर एकाच टीमकडे घ्या, नाहीतर दोन्हीकडचा एकेक माणूस रोज पंधरा मिनिटं बोलू द्या.

सोपवणं

३ आणि ४ च्या चौकटींसाठी ही शैली. काम दिलं पण अधिकार दिला नाही, तर ते सोपवणं नव्हे. पुढच्या चारपैकी कोणतं वाक्य लागू आहे ते शब्दशः सांगा: ‘पाहून मला सांग, ठरवतो मी.’ ‘तू ठरव, पण करण्याआधी सांग.’ ‘कर, मग सांग.’ ‘कर, सांगायची गरज नाही.’ पुष्कळ भांडणं एवढ्यावरूनच होतात की लीडच्या मनात दुसरं वाक्य असतं आणि समोरच्याने तिसरं ऐकलेलं असतं.

हद्द आकड्यात द्या. उदाहरणार्थ, क्लाउडचं महिन्याचं बिल ५,००० रुपयांपर्यंत वाढत असेल तर विचारू नको, त्यापुढे विचार. तपासण्याच्या तारखाही आधी ठरवा. तीन आठवड्यांचं काम असेल तर तिसऱ्या, आठव्या आणि चौदाव्या दिवशी पाहा. तिसरा दिवस सगळ्यात महत्त्वाचा, कारण दिशा चुकली असेल तर तेव्हा फक्त तीन दिवस वाया जातात. या तारखा नसतील तर ते सोडून देणं झालं. मुलांच्या प्रयोगातला अलिप्त माणूस तो हाच.

काम भरकटलं तर हिसकावून घेऊ नका, एक पायरी खाली या आणि तसं सांगा: ‘आजपासून पुढच्या बुधवारपर्यंत करण्याआधी मला दाखव, मग पुन्हा पहिल्यासारखं.’ मुदत सांगितली की ती शिक्षा वाटत नाही.

रात्री बारापर्यंत कोड लिहिणारा लीड

गोलमन यांची ‘माझ्या वेगाने करा’ शैली नव्या लीडमध्ये अशी दिसते: दिवसभर मीटिंग, आणि रात्री जेवण झाल्यावर लॅपटॉप उघडून दुसऱ्याचं अडलेलं तिकीट (नेमून दिलेलं काम) स्वतः संपवणं. हेतू चांगलाच असतो. पण सकाळी त्या माणसाला आपलं काम नाहीसं झालेलं दिसतं आणि तो त्यातून काही शिकत नाही. रात्री घाईत लिहिलेल्या तुमच्या कोडला कुणी नावं ठेवायला धजावत नाही. महिनाभरात टीम म्हणू लागते, ‘राहू दे, सर करून घेतील.’ खुणा मोजता येतात: मर्ज झालेल्या (मुख्य कोडमध्ये मिसळलेल्या) कोडपैकी तिसऱ्या हिश्श्याहून जास्त तुमचा असेल, किंवा रिव्ह्यूच्या रांगेत सगळं तुमच्यासाठी थांबलेलं असेल, तर तुम्हीच टीमचं फाटक झाला आहात.

कोड सोडून द्या असं आमचं म्हणणं नाही. हात लिहिता राहिला पाहिजे. सात जणांच्या टीममध्ये आठवड्याचा साधारण एक दिवस पुरे. त्यात लहान बग, टेस्ट, टीमच्या सोयीची साधनं घ्या. ज्यावर रिलीजची तारीख अडली आहे असं काम कधीही स्वतःकडे घेऊ नका, कारण तुम्हाला कधीही मीटिंगमध्ये ओढलं जाईल. आणि एका वेळी किती कामं उघडी ठेवायची याला मर्यादा घाला: सात जणांत पाच. ज्याचं काम संपलं त्याने नवीन उचलण्याआधी दुसऱ्याचं अडलेलं संपवायला मदत करायची. सुरुवातीला हे लोकांना विचित्र वाटतं, दोन स्प्रिंटनंतर पटतं.

शिकवायची खरी जागा म्हणजे रिव्ह्यू. एका वेळी साधारण ३०० ओळींपेक्षा जास्त बदल आला तर तुकडे करून मागा; पुढे डोळे थकतात आणि चुका निसटतात. प्रत्येक शेऱ्याच्या सुरुवातीला त्याचं वजन लिहा: ‘थांबव’, ‘सुचवतो’ किंवा ‘विचारतो’. वजन न लिहिलेल्या शेऱ्याला नवा माणूस हुकूम समजतो, आणि कोडमधल्या मोकळ्या जागेसारख्या किरकोळ शेऱ्यावर अर्धा दिवस घालवतो. ‘हे चूक आहे’ यापेक्षा ‘विचारतो: नेटवर्क मधेच तुटलं तर ही नोंद दोनदा जाईल का?’ हा शेरा जास्त शिकवतो, कारण उत्तर त्याला स्वतःला शोधावं लागतं.

आठवडा आणि आपलं कॅलेंडर

दोन आठवड्यांची स्प्रिंट म्हणजे १० कामाचे दिवस, सात जणांचे ७०. त्यातले ४५ ते ५० दिवसच कामात धरा. बाकी मीटिंग, सपोर्ट, आजारपण आणि आयत्या वेळचे प्रश्न खातात. सत्तरच्या सत्तर भरणारी टीम दर स्प्रिंटला हरते, आणि हरण्याची सवय लागली की तारखेला किंमत राहत नाही. रोजचा स्टँडअप (छोटी, उभ्याउभ्या होणारी मीटिंग) पंधरा मिनिटं, त्यात लीडला अहवाल द्यायचा नसतो. कुणाचं काय अडलंय तेवढं बाहेर आलं पाहिजे. स्प्रिंटच्या शेवटचा आढावा तासाभराचा, आणि त्यातून जास्तीत जास्त दोन बदल, प्रत्येकापुढे एक नाव.

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर सकाळचे नऊ वाजतात तेव्हा आपल्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळचे साडेसहा आणि हिवाळ्यात साडेसात झालेले असतात. नोव्हेंबरमध्ये हा एक तास पुढे सरकतो, आणि वर्धा रोडने घरी परतणाऱ्याचं वेळापत्रक कोलमडतं. संध्याकाळचे कॉल आठवड्यातून दोन, पाळीपाळीने. जो थांबला त्याने दुसऱ्या दिवशी उशिरा यावं.

तिमाहीच्या सुरुवातीलाच बाहेरच्या प्रॉडक्ट मॅनेजरला इथल्या तारखा कळवा, कारण त्यांच्या कॅलेंडरवर त्या नसतात. पोळा, आणि दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा आणि मारबतीची मिरवणूक. गणपतीतले महालक्ष्म्यांचे तीन दिवस. दसऱ्याला दीक्षाभूमीवर लोटणारा जनसमुदाय. डिसेंबरातल्या विधिमंडळ अधिवेशनातले वळवलेले रस्ते. यवतमाळ, अमरावती, गोंदियाची मुलं या दिवसांत गावी जातात आणि त्यांनी जायलाच हवं. या आठवड्यांत मोठी रिलीज ठेवू नका. सणाच्या दिवशी कोण फोनवर उपलब्ध राहणार, ही यादी दोन महिने आधी सगळ्यांना विचारून करा. ‘याची दिवाळी नसते, हाच थांबेल’ असं गृहीत धरणं अन्याय आहे. पाळ्या सगळ्यांना सारख्या.

समोरासमोर

प्रत्येकाशी आठवड्यातून अर्धा तास. सात जणांचे साडेतीन तास. तिकिटांची चौकशी यात नको. ‘कुठे अडलंय? कंटाळा कशाचा येतोय? मी काय वेगळं करू?’ एवढे प्रश्न पुरतात. तिसऱ्याचं उत्तर यायला दोन-तीन महिने लागतात, पण विचारत राहा.

काही खटकलं असेल तर कधी, काय, आणि परिणाम काय, या क्रमाने सांगा. ‘तू नेहमी उशीर करतोस’ यातून भांडण निघतं. ‘मंगळवारच्या रिलीजला तुझा कोड सहा वाजता आला. ताईंना टेस्टिंगला एकच तास मिळाला, आणि लॉगिनचा बग नजरेतून निसटला. काय झालं होतं?’ यातून कारण निघतं. कौतुक चारचौघांत करा आणि तेही नेमकं करा. ‘छान काम’ कुणाच्या लक्षात राहत नाही.

रजेची परीक्षा

तिसऱ्या महिन्याच्या शेवटी पाच दिवस रजा घ्या. फोन चालू, पण ऑफिसचं चॅट बंद. जाण्याआधी एकच कागद टीमला द्या: कोणता निर्णय कुणाचा, आणि कोणत्या दोन-तीन प्रसंगांत तुम्हाला फोन करायचा. तुमच्या जागी नेहमी सगळ्यात सीनियर माणूसच नेमायला हवा असं नाही. तक्त्यात ज्याला ३ आहे आणि ४ व्हायचं आहे, त्याला संधी द्या.

परत आल्यावर ‘सगळं ठीक होतं का?’ असं विचारू नका. तुमच्यासाठी थांबवून ठेवलेल्या गोष्टींची यादी मागा. कुणाला परवानगी नव्हती म्हणून अडलेलं रिलीज असेल, ‘सर आल्यावर बघू’ म्हणून बाजूला ठेवलेला डिझाइनचा प्रश्न असेल. एकेक ओळ घ्या, त्यापुढे चार वाक्यांपैकी कोणतं वाक्य आणि कुणाचं नाव ते लिहा, आणि त्याच दिवशी त्या माणसाला सांगा.